मुख्य पाटा तुटल्यावर: सातपुड्यातील एका फोर बाय फोर पिकअपचे प्रकरण

पार्श्वभूमी

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, म्हणजे धडगावच्या परिसरात, पाणीपुरवठ्याचे काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेच्या मालवाहू पिकअपचे हे प्रकरण आहे. संस्थेचे, पाड्याचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही. संस्थेने वाहनांच्या देखभालीची पद्धत नव्याने ठरवायला घेतली, तेव्हा ही घटना माझ्याकडे अभ्यासासाठी आली. चालक, कामावरचे अभियंता आणि शहाद्यातील पाटेकाम (गाडीचे वजन पेलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्यांचे, म्हणजे पाट्यांचे काम) करणारे मिस्त्री या तिघांशी सविस्तर बोलून आणि तुटलेले भाग हातात घेऊन पाहून ही मांडणी केली आहे.

गाडी दुहेरी केबिनची, मागे उघडा हौदा असलेली आणि गरजेनुसार चारही चाकांना ओढ देता येणारी होती. धडगावपासून नर्मदेच्या काठाकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटांवर सौर पंपाचे खांब, पाइपांची बंडले आणि सिमेंटच्या गोण्या पोहोचवणे हे तिचे रोजचे काम. या भागात एका पाड्याहून दुसऱ्या पाड्याला जाणारी वाट बहुधा एकच असते, ती एका गाडीपुरतीच रुंद असते आणि पावसाळ्यानंतर पहिले काही महिने तिच्यावर नाल्यांनी ओढून आणलेले दगड तसेच पडलेले असतात. अशा ठिकाणी बंद पडलेली गाडी ही केवळ संस्थेची अडचण राहत नाही. आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून जिथे रस्त्यापर्यंत आणावे लागते, तिथे तो रस्ताच अडवून बसणे ही फार गंभीर गोष्ट आहे आणि या प्रकरणातील पहिल्या निर्णयावर तिचाच सर्वांत मोठा प्रभाव होता.

पुढचे सारे समजण्यासाठी पाट्यांच्या रचनेचा थोडा विचार आवश्यक आहे. मागच्या ॲक्सलला, म्हणजे दोन्ही चाके ज्यावर बसतात त्या आडव्या दांड्याला, दोन्ही बाजूंना पाट्यांचा एकेक संच असतो. सर्वांत लांब असलेल्या मुख्य पाट्याची दोन्ही टोके गोल वळवलेली असतात. पुढचे टोक बुश (रबरी कडे) आणि बोल्ट यांच्या साहाय्याने चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, एका जागी जोडलेले असते, तर मागचे टोक शॅकल नावाच्या हलत्या दुव्याला जोडलेले असते, जेणेकरून पाटा दाबला गेल्यावर लांबायला त्याला जागा मिळावी. सगळ्या पाट्यांच्या मधोमध भोक पाडून एक सेंटर बोल्ट घातलेला असतो आणि त्याचे डोके ॲक्सलवरच्या बैठकीच्या खाचेत बसते. संपूर्ण संच ॲक्सलवर घट्ट आवळून धरतात ते यू-बोल्ट. याचा अर्थ असा की पाटा वजन तर पेलतोच, परंतु ॲक्सलला पुढे-मागे सरकू न देण्याचे कामही तोच करतो; अशा गाडीत त्यासाठी दुसरा कोणताही दांडा नसतो. पाटा तुटला म्हणजे गाडी बसली, एवढाच विचार सहसा केला जातो. ॲक्सल आता कशाने धरलेला आहे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा असतो आणि या प्रकरणातील प्रत्येक वळणावर त्याच प्रश्नाने योग्य उत्तर दिले.

घटनेच्या सुमारे दोन वर्षे आधी, भरलेल्या गाडीचा मागचा भाग फार खाली जातो या तक्रारीवरून, दोन्ही संचांत एकेक जादा पाटा घालून घेतलेला होता. हे काम कुठे झाले याची नोंद सापडली. यू-बोल्ट नवे टाकले का, आणि काही दिवस गाडी चालल्यावर ते पुन्हा आवळले का, याची मात्र कुठेही नोंद नव्हती.

घटना

पावसाळा संपल्यानंतरची ही गोष्ट आहे. गाडीत पाइपांची बंडले, सिमेंटच्या गोण्या आणि केबिनमध्ये चार माणसे होती. वजन केलेले नव्हते, तरी गोण्या व पाइपांच्या हिशेबाने ते गाडीच्या मंजूर क्षमतेच्या काठावर किंवा थोडे वरच असावे. एका नाल्यावरच्या फरशी पुलाचे पलीकडचे टोक पुराने खचले होते. डावे मागचे चाक त्या खळग्यात उतरले आणि खळग्याच्या उभ्या कडेवर आदळून वर आले, त्याच वेळी मोठा आवाज झाला. चालकाच्या सांगण्याप्रमाणे गाडी लगेच डाव्या अंगाला कलली आणि पुढे काही फूट गेल्यावर टायर मडगार्डच्या मागच्या कडेला घासल्याचा आवाज येऊ लागला. त्यांनी गाडी तिथेच थांबवली.

थांबण्याचा हा निर्णय अत्यंत मोलाचा ठरला. टायर मागच्या कडेला घासतो याचा अर्थ ॲक्सल त्या बाजूने मागे सरकलेला आहे, हे चालकाने खाली उतरून पाहण्यापूर्वीच ओळखले होते. गाडी केवळ खाली बसली असती, तर टायर वरच्या बाजूला लागला असता. पाड्यापर्यंत तीव्र उतार होता. उतारावर ब्रेक लावला की चाकाला मागे खेचणारा जोर येतो आणि पाट्याचे पुढचे टोक ॲक्सलला ओढून धरते. ते धरणारा पाटाच तुटलेला असेल तर प्रत्येक ब्रेकबरोबर ॲक्सल आणखी मागे जातो, ब्रेकची रबरी नळी ताणली जाते आणि प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांना इंजिनची ओढ पोहोचवणाऱ्या दांड्याचा) सरकता सांधा बाहेर येऊ लागतो. चढावर याच्या उलट घडते: चाके गाडीला पुढे ढकलतात, तुटलेली टोके एकमेकांवर दाबली जातात आणि काही झालेलेच नाही असे वाटते. हा फरक माहीत नसल्याने चढावर ठीक चाललेली गाडी माणसे विश्वासाने उतारावर घेतात.

जागेवरची तपासणी

सर्व माणसे उतरल्यावर चाकांखाली दगड लावण्यात आले आणि मगच कोणीतरी गाडीखाली वाकले. मुख्य पाटा बरोबर मध्यावर, सेंटर बोल्टच्या भोकातून तुटलेला होता, सेंटर बोल्ट कापला गेला होता आणि डाव्या बाजूचे यू-बोल्टचे नट पान्याने सहज फिरत होते. अभियंत्यांनी टेपने दोन्ही बाजूंना पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजले. डावीकडचे अंतर उजवीकडच्यापेक्षा सुमारे तीन सेंटीमीटर जास्त भरले. दुसऱ्या पाट्याची टोके मुख्य पाट्याच्या वळीभोवती अर्धवट वळवलेली असतात, ती नेमकी अशाच प्रसंगासाठी. त्या वळणाने धरले म्हणूनच ॲक्सल तिथवर थांबला होता. ब्रेकची नळी ताणलेली नव्हती, ॲक्सलवरची पोलादी ब्रेकनळी चेपलेली नव्हती, शाफ्टच्या सांध्यातून ग्रीस बाहेर आलेले नव्हते आणि भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हची कांडी सरळ होती.

हे मोजमाप करायला दहा मिनिटेही लागली नसतील, परंतु त्यामुळे पुढची सारी चर्चा अंदाजावर न राहता एका आकड्यावर आली. गाडी हलवल्यानंतर तो आकडा वाढला का, हे कोणालाही टेप लावून पाहता येत होते.

पर्यायांचा विचार

पहिला प्रश्न रस्ता मोकळा करण्याचा होता. मागे दोन प्रवासी जीप येऊन थांबल्या होत्या आणि त्या वाटेने रुग्णवाहिकाही येण्याची शक्यता होती. त्यामुळे गाडी जिथे आहे तिथेच ठेवून मदतीची वाट पाहणे हा पर्याय सुरुवातीलाच बाद झाला. गाडी निदान जवळच्या सपाट जागेपर्यंत न्यायलाच हवी होती. त्यानंतर काय करायचे, याबद्दल मात्र मतभेद होते.

पाड्यातील एकाने जवळच्या गावात जनरेटरवर वेल्डिंग करणारा आहे असे सुचवले. सूचना मनापासूनची होती आणि ग्रामीण भागात ती नेहमीच केली जाते, म्हणून ती का नाकारली ते सविस्तर लिहितो. पाट्याच्या पोलादात कार्बनचे प्रमाण साधारण ०.५ ते ०.६ टक्के असते. गेट, खिडक्या किंवा नांगराच्या सांगाड्यासाठी वापरतात त्या साध्या लोखंडात ते ०.२५ टक्क्यांहून कमी असते. पाटा तापवून तेलात विझवलेला आणि नंतर पुन्हा ठरावीक तापमानाला आणून त्याची कडकी योग्य तेवढी उतरवलेली असते, त्यातूनच त्याला वाकून परत येण्याचा गुण मिळतो. त्यावर वेल्डिंगचा टाका घातला की टाक्याच्या दोन्ही कडांना धातू झपाट्याने तापतो आणि आजूबाजूच्या थंड पोलादामुळे झपाट्याने थंडही होतो, त्यामुळे तिथे काचेसारखा ठिसूळ पट्टा तयार होतो आणि त्याच्या पलीकडचा भाग नरम पडतो. जोड दिसायला भक्कम असतो आणि टाक्याच्या शेजारीच, बहुधा पहिल्या मोठ्या धक्क्याला, पाटा पुन्हा तुटतो. त्यातून तुटण्याची जागा यू-बोल्टच्या आत, भोकावर होती. तिथे टाक्याचा उंचवटा राहिला तर संच बैठकीवर सपाट बसणेच शक्य नव्हते.

दुसरा विचार असा होता की गाडी रिकामी करावी, ॲक्सल साखळीने बांधावा आणि त्याच अवस्थेत धडगावपर्यंत हळूहळू न्यावी. परतीची वाट एकंदरीत चढाची असल्याने हा पर्याय अनेकांना पटत होता. परंतु एकंदरीत चढ असला तरी मधल्या प्रत्येक नाल्याकडे उतार होता आणि प्रत्येक उतारावर ब्रेक लावावाच लागणार होता. मागचा प्रोपेलर शाफ्ट काढून केवळ पुढच्या चाकांच्या ओढीवर गाडी न्यावी, अशीही सूचना आली. यामुळे शाफ्टचा धोका टळतो हे खरे असले, तरी ब्रेकचा जोर शाफ्टमधून जात नाही, तो ॲक्सलवरून थेट पाट्यावर येतो. शिवाय सुट्या दगडांच्या चढावर एकट्या पुढच्या चाकांची पकड अपुरी पडली असती आणि मागे घसरणारी गाडी रोखण्यासाठी पुन्हा ब्रेकच लागला असता.

क्रेन मागवण्याचा पर्याय कागदावर सर्वांत सुरक्षित होता. मात्र त्या फरशीवरून क्रेन येऊ शकेल का हीच शंका होती, आणि मागचा ॲक्सल उचलून ओढायचा तर वळणांवर रस्त्याची रुंदी पुरत नव्हती.

उरलेला पर्याय म्हणजे सुटे भाग आणि मिस्त्री यांनाच गाडीपर्यंत आणणे. डोंगरमाथ्यावर जाऊन, जिथे मोबाइलला रेंज मिळते तिथून, अभियंत्यांनी शहाद्याच्या मिस्त्रींना छायाचित्रे पाठवली. त्यांचे उत्तर दोन वाक्यांचे होते: “साहेब, मेन पाटा गेलाय, गाडी आणू नका. पाटा घेऊन मीच येतो.”

प्रत्यक्ष कृती

हौद्यातील सर्व माल उतरवून पाड्यातील माणसांच्या मदतीने शाळेच्या ओसरीवर नेण्यात आला. रिकाम्या गाडीची चेसिस डाव्या बाजूने बॉटल जॅकवर उचलून पाट्यावरचा भार कमी करण्यात आला. जॅक सरकला तर गाडी अंगावर येऊ नये म्हणून चेसिसखाली दगडांचा पक्का थर रचलेला होता. मग यू-बोल्ट थोडे सैल ठेवून पहारीने आणि रॅचेट बेल्टने ॲक्सल पुढे ओढण्यात आला आणि अंतर उजव्या बाजूएवढे आल्यावर यू-बोल्टचे चारही नट आळीपाळीने, कोनाकोनातून घट्ट करण्यात आले. मुख्य पाट्याचे दोन्ही तुकडे अजून यू-बोल्टच्या आतच दाबलेले होते, त्यामुळे आता त्यांना निदान घर्षणाची पकड मिळाली. त्या पकडीवर एकट्याने विसंबून न राहता पाट्याच्या बैठकीलगत ॲक्सलभोवती साखळी घालून ती पुढच्या हँगरला (पाट्याचे पुढचे टोक चेसिसला जिथे जोडलेले असते त्या कंसाला) ताणून बांधण्यात आली. साखळी ब्रेकनळीवर चढू नये म्हणून तिच्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला. ॲक्सल आणि चेसिस यांच्यामध्ये सागाचा ठोकळा तारेने बांधला, म्हणजे गाडी डाव्या अंगाला आणखी बसली तरी टायर वर लागणार नाही.

यानंतर गाडी शाळेसमोरच्या मोकळ्या मैदानापर्यंत, एक किलोमीटरपेक्षाही कमी अंतर, पायी चालण्याच्या वेगाने नेण्यात आली. ओढ आणि इंजिनचा रोध दोन्ही पुढच्या चाकांमध्येही वाटले जावेत म्हणून फोर-लो (चारही चाकांना ओढ देणारी संथ गिअरची जोडणी) लावलेले होते. चालकाने ब्रेकऐवजी पहिल्या गिअरचा आधार घेतला, रिव्हर्स एकदाही घेतला नाही आणि एक जण डाव्या चाकाकडे पाहत बरोबर चालत राहिला. मैदानात पोहोचल्यावर टेप पुन्हा लावला; अंतर हललेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री नवा मुख्य पाटा, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आणि बुश घेऊन आले. संच सोडवल्यावर जे दिसले ते बाहेरून कोणालाही दिसणे शक्य नव्हते: ज्या दुसऱ्या पाट्याच्या वळणावर ॲक्सलची सारी भिस्त होती, त्याच्याही भोकाच्या कडेला तडा होता आणि तो पाट्याच्या निम्म्या रुंदीपर्यंत पोहोचला होता. साखळी बांधून धडगावला निघाले असते तर वाटेत कुठेतरी तोही गेला असता, असे मिस्त्रींचे स्पष्ट मत होते आणि तो तुकडा पाहिल्यावर मलाही त्याबद्दल शंका उरली नाही.

अडचण अशी होती की दुसरा पाटा कोणी आणलेलाच नव्हता. इथे पुन्हा एक निर्णय घ्यावा लागला. आणखी एक दिवस थांबून दुसरा पाटा मागवायचा, तडा गेलेला पाटा तसाच घालायचा, की तो वगळून संच जोडायचा? तडा गेलेला पाटा घालणे मिस्त्रींनी तत्काळ नाकारले, कारण तो मध्येच तुटला तर त्याची धार नव्या मुख्य पाट्यालाच घासून इजा करते. दुसरा पाटा वगळला तर वजन पेलण्याची ताकद कमी होते, पण गाडी रिकामीच जाणार होती. आणि ॲक्सलला जागेवर धरण्याचे काम अखंड मुख्य पाटा, नवा सेंटर बोल्ट आणि नवे यू-बोल्ट मिळून करणार होते. आदल्या दिवशी वजन पेलण्यापुरते पाटे शिल्लक असूनही गाडी चालवणे धोक्याचे होते. आज एक पाटा कमी असूनही ती चालवणे सुरक्षित होते. तिसरा पर्याय स्वीकारून, केबिनमध्ये केवळ चालक आणि मिस्त्री यांना घेऊन, गाडी धडगावमार्गे घाट उतरून शहाद्याला पोहोचली. घाटापूर्वी थांबून यू-बोल्ट एकदा आवळून घेतले, तेव्हा ते थोडेसे फिरले. नवे भाग बसताना असे होतेच.

कारणाचा शोध

तुटलेल्या मुख्य पाट्याचा छेद मी जवळून पाहिला. भोकाच्या एका बाजूला, वरच्या कडेपासून आत, तपकिरी गंजलेला भाग होता आणि त्यावर ओल्या वाळूत लाटा मागे हटताना उमटतात तशा एकामागे एक वक्र रेषा होत्या. उरलेला भाग करड्या, चमकदार दाण्यांचा आणि कोरडा होता. गंजलेला भाग म्हणजे कित्येक आठवडे किंवा महिने हळूहळू वाढलेला जुना तडा, आणि चमकदार भाग म्हणजे फरशीच्या कडेवर एका क्षणात तुटलेले पोलाद. खळगा हे निमित्त होते. पाटा त्याआधीच अर्धा गेलेला होता.

भोकातूनच तडा का गेला, याचे उत्तर यू-बोल्टपाशी मिळाले. यू-बोल्ट घट्ट असतात तेव्हा त्यांच्या आतला पाट्यांचा भाग ॲक्सलशी एकजीव होतो आणि वाकत नाही. वाकण्याचे काम त्याच्या बाहेर होते. ते सैल झाले की मधला भागही वाकू लागतो आणि संपूर्ण पाट्यातील सर्वांत कमकुवत जागा, म्हणजे सेंटर बोल्टचे भोक, नेमकी तिथेच असते. बैठकीवर घासून चकाकलेले ठसे आणि पाट्यांमध्ये साचलेली तांबूस पूड हेच सांगत होती. यू-बोल्ट जुनेच होते. जादा पाट्यामुळे संचाची जाडी वाढल्याने नटांना पुरेसे आटे मिळालेले नव्हते आणि शेवटचे काही आटे ताणले गेले होते. एकदा पूर्ण आवळलेला यू-बोल्ट ताणला जातो, म्हणून संच उघडला की नवे यू-बोल्ट टाकायचे हा नियम आहे. तो येथे पाळला गेला नव्हता.

आधीच्या खुणांबद्दल चालकांनी जे सांगितले ते ऐकण्यासारखे आहे. घटनेच्या काही आठवडे आधीपासून मागून, विशेषतः गाडी भरलेली असताना, करकर आवाज येत होता आणि त्यांनी तो सर्व्हिसिंगच्या वेळी सांगितलाही होता. तेव्हा पाट्यांवर ग्रीस मारून देण्यात आले आणि आवाज थांबला. चालकाची तक्रार नेमकी होती. तिच्यावर पान्याऐवजी ग्रीसगन उचलली गेली, आणि त्यामुळे जी एकमेव खूण ऐकू येत होती तीही बंद झाली. पुढचे ब्रेक पॅड अपेक्षेपेक्षा लवकर झिजत असल्याची नोंदही जुन्या बिलांत सापडली. जादा पाट्याने गाडीचा मागचा भाग उचलला गेला की भारानुसार दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हला भरलेली गाडीही हलकी वाटते आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो; त्याचा बोजा पुढच्या ब्रेकवर येतो. हा संबंध त्यावेळी कोणाच्या लक्षात आला नव्हता.

कार्यशाळेतील निर्णय

शहाद्यात उजवी बाजूही उघडण्यात आली. तिथले पाटे अखंड होते, परंतु यू-बोल्ट सैल आणि बैठक घासलेली होती. केवळ डाव्या बाजूचे पाटे बदलावेत, असा खर्चाच्या दृष्टीने आग्रह होता. मात्र जुना, दबलेला संच एका बाजूला आणि नवा दुसऱ्या बाजूला असेल तर गाडी कलती राहते आणि नव्या संचावर असमान भार येतो, म्हणून दोन्ही संच बदलण्याचे ठरले. जुने पाटे ठोकून त्यांना पुन्हा कमान देण्याचा स्वस्त पर्यायही चर्चेत होता. मोठ्या, तापमान नियंत्रित करणाऱ्या कारखान्यात हे काम नीट होऊ शकते. भट्टीत अंदाजाने तापवून हवेत थंड केलेल्या पाट्याची कडकी मात्र टिकत नाही, आणि थंड पाट्यावर घातलेला घणाचा प्रत्येक घाव पुढच्या तड्याची सुरुवात ठरू शकतो.

सर्वांत जास्त चर्चा जादा पाट्यावर झाली. चालकांना तो हवा होता, कारण त्याच्याशिवाय गाडी मागे बसते. अभियंत्यांचे म्हणणे असे होते की पाटा वाढवल्याने चेसिस, ॲक्सल, बेअरिंग आणि ब्रेक यांची क्षमता वाढत नाही आणि नोंदणी प्रमाणपत्रावरील एकूण वजनाची मर्यादाही बदलत नाही; फक्त जास्त भरलेले वजन डोळ्यांना दिसेनासे होते. मला हे म्हणणे पूर्णपणे पटते. गाडी मागे बसते ही तक्रार नसून सूचना आहे. अखेर मूळ संख्येइतक्याच पाट्यांचे दोन नवे संच, नवे यू-बोल्ट, नवे बुश आणि शॅकल बसवण्यात आले, रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच शेवटचे आवळण्यात आले आणि मागची उंची बदलल्यामुळे ब्रेक व्हॉल्व्हची कांडी नव्याने जुळवण्यात आली.

परिणाम

कोणालाही इजा झाली नाही आणि रस्ता त्याच दुपारी मोकळा झाला. शाळेच्या ओसरीवर ठेवलेला माल पाड्यातील माणसांनी सांभाळला आणि बराचसा डोक्या-खांद्यावरून पंपाच्या जागेपर्यंत स्वतःच नेला. पंपाचे काम काही दिवस लांबले, पण थांबले नाही. संस्थेने सिमेंट आणि पाइप एकाच फेरीत पाठवणे बंद केले असून फरशीपर्यंतचा जड माल आता भाड्याच्या ट्रॅक्टरने जातो. यामुळे फेऱ्या आणि खर्च दोन्ही वाढले आहेत आणि कामावरच्या लोकांची त्याबद्दलची नाराजी खरी आहे.

वेगळे काय करता आले असते

जागेवरच्या निर्णयांत मला फारसे बदलण्यासारखे दिसत नाही. एकच गोष्ट नमूद करावी लागेल: मिस्त्रींना फोन केला तेव्हा फक्त मुख्य पाट्याची मागणी केली गेली. मुख्य पाटा भोकातून तुटला असेल तर त्याच्याखालचा पाटा शंकास्पद धरून तोही मागवायला हवा होता. तसे झाले असते तर पूर्ण संच जागेवरच जोडता आला असता.

खरे प्रश्न घटनेच्या आधीचे आहेत. जादा पाटा घालण्याचा निर्णय चालक आणि गॅरेज यांच्यात झाला. वजनाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला त्यात विचारले गेले नाही. करकर आवाजाची तक्रार नोंदवहीत ‘आवाज’ एवढ्याच शब्दात लिहिली गेली. तो कुठून, कधी, भरलेल्या की रिकाम्या गाडीत येतो हे लिहिण्यासाठी रकाना असता, तर कोणीतरी यू-बोल्टला पाना लावून पाहिला असता. खळग्याबद्दल चालकांना दोष देण्याचा सूर सुरुवातीला उमटला होता. गंजलेला छेद पाहिल्यावर तो टिकण्यासारखा नव्हता आणि संस्थेने तसे लेखी नोंदवले, हे मला आवश्यक वाटते.

आता प्रत्येक यू-बोल्टच्या नटावर आणि त्याच्या बैठकीवर मिळून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढलेली असते. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते आणि ती पाहण्यासाठी पाना किंवा मिस्त्री लागत नाही, चालकाने सकाळी टॉर्च घेऊन वाकणे पुरते. नव्या संचानंतर भरलेल्या पहिल्या फेरीहून गाडी परतली, तेव्हा आठपैकी तीन रेघा किंचित सरकलेल्या होत्या. ते नट ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळून रेघा नव्याने ओढल्या गेल्या आणि सुमारे ५०० किलोमीटरनंतरच्या तपासणीत आठही रेघा जुळलेल्या होत्या.